घरात कापूस अन् दारात पाहुणे

पुण्यात कोणी मले "गाव कोणतं?" विचारलं अन् मी बुलढाणा जिल्हा म्हटलं, की दोनातली एक गोष्ट होते. एक तं समोरचा खुश होऊन "लोणारचं सरोवर!" म्हणते. नाहीतर आवाज खाली करते, मयताच्या घरी करतात तसा, अन् म्हणते, "तिकडं शेतकऱ्यांचं फार वाईट आहे ना?"

आहे ना वाईट. नाही कोण म्हणते? आमच्या गल्लीतही एक दार तसं बंद झालं, अन् त्या दारासमोरून आम्ही पोरी अजूनही चपला न वाजवता जातो. पण गाव म्हणजे तेवढंच नसते ना राव. गावात लोक जेवतात, भांडतात, एकमेकायच्या बकऱ्या हाकलतात, सोयरिकी जमवतात. आमच्या ताईची सोयरीक कशी जमली ते मले सांगायचंच आहे, कधीपासून पोटात उड्या मारून राह्यलं ते. पण त्यासाठी आधी गाव सांगावं लागते. दुसऱ्या कोणत्या गावात ते तसं झालंच नसतं.

तं मोताळ्याहून रोहिणखेडच्या अंगानं निघालं की मधात एक फाटा लागते. फाट्यावर एक लिंबाचं झाड, एक पानटपरी, अन् बसची वाट पाहत बसलेले आमच्या गावचे लोक. तिथून आत आमचं गाव. रोहिणखेडची जुनी मशीद पाहाले लोक लांबून येतात, फोटो काढतात. आमच्या गावात पाहाले काहीच नाही. नाल्यावरचा एक पूल आहे, तो बी नाल्याच्या बाजूले आहे, वर नाही. म्हणजे पूल आधी बांधला, मंग नाला सरकला. गाव म्हणते, थांबा, येईल परत.

हेच. आमच्या गावाचा स्वभाव म्हणजे थांबणं.

गाव बसलंच तसं म्हणतात. लय जुन्या काळी कापसाची एक गाडी खामगावच्या बाजाराले चालली होती, अन् आमच्या नाल्यात तिच्या चाकाचा आख मोडला. गाडीवाला म्हणे, सुतार येईपर्यंत थांबू. सुतार आला तं त्याच्याजवळ लाकूड नव्हतं. लाकूड येईपर्यंत थांबले. लाकूड आलं तोवर पाऊस लागला. पावसात रिकामं काऊन बसायचं म्हणून जवारी पेरली, अन् जवारी पेरली म्हटल्यावर तण निंदाले थांबा, पीक सोंगाले थांबा. सुतारानं बी तोवर बायकोले बोलावून घेतलं. झालं गाव!

आता ती गाडी कोणाची, यावर अजून भांडणं होतात. आमचे बाबा म्हणतात आपल्या पूर्वजाची. शेजारच्या चाचीच्या घरी पिढ्यांपिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचं काम, ती म्हणते, "गाडी तुमची असन भाऊ, पर गाडीत माल आमचा होता. आख टूटा तब थंडीत अंगावर घ्यायले गोधडी कोणी दिली? तुमच्या बैलानं?" अन् बौद्ध वस्तीतली आजी, म्हणजे माह्या मैत्रिणीची आजी, तिचं तं वेगळंच. ती सुपारी कातरता कातरता म्हणते, "तुमची गाडी मोडली तवा आमचे लोक इथंच होते ना बाई. नाल्यातून चाक कोणी उचललं? पाणी बी आमच्याच हातचं पेले तुमचे लोक. तहान लागली का सारं चालते. पोट भरल्यावर आठोलं त्यायले, कोणाच्या हातचं चालत नाही ते."

यावर आमच्या घरातले पावसाचं बोलणं काढतात.

आजूबाजूची गावं आम्हाले लय चिडवतात. "तुमच्या गावातला कोंबडा बी आरवाच्या आधी दुसऱ्या कोंबड्याची वाट पाहते," असं म्हणतात. रस्त्याची वाट पाहून पाहून माह्या आजोबांची पिढी गेली. बस गावात येईल म्हणून एकानं गावात बसस्टँडच्या नावानं चहाचं हॉटेल टाकलं. हॉटेल चालून चालून बंद पडलं, बस फाट्यावरच. पण कोणी चिडलं नाही बरं. थांबणाऱ्या माणसाले एक बरं असते, तो हरत नाही. त्याचं अजून व्हायचंच राह्यते.

अन् सारे निर्णय होतात कुठं, तं पिठाच्या चक्कीवर. कारण चक्की एकच, अन् तिथं मराठा, माळी, बौद्ध, मुसलमान, साऱ्यायचं दळण एका रांगेत. फक्त चक्कीचा आवाज एवढा का आमच्या गावातले सारे ठराव ओरडून झाले आहेत. "नाल्याचं काम कोण करन?" "काय?" "नाला! नाला!" "हाव, आला, काल आला!" असं. अन् मधातच लाईन गेली की चक्की बंद, अन् एकदम शांत. त्या शांततेत जो बोलत राह्यते त्याची फजिती. माणसं दळण टाकताना म्हणूनच जपून बोलतात, लाईनचा भरोसा नाही.

मी लहान होती तवा बीटी आली, अळी न लागणारं कापसाचं बी. त्याच्या आधी कापसाच्या पऱ्हाटीवर फवारणीच फवारणी, घरात जेवणाले बी औषधाचा वास. बीटीच्या पहिल्या वर्षी लोक शेतात जाऊन नुसते बोंडं पाहत बसायचे. अळीच नाही! बियाण्याच्या पिशवीत एक लहान पाकीट बी निघायचं, साधं बी. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळी ते खाईल अन् तिले बीटीची सवय होणार नाही, असं कृषीवाले साहेब चक्कीवर येऊन ओरडून सांगून गेले. गाव पोट धरून हसलं. ज्याचं अन् आमचं बांधावरून भांडण आहे ते काका तं म्हणे, "आता अळीले बी पंगत वाढायची काय? पाहुनी हाये का ते आपली?" लहान पाकिटं कोणी बकऱ्यायले टाकली, कोणी उकिरड्यावर. मंग काही वर्षांनी गुलाबी अळी आली, बिनआवतनाची, अन् अशी बसली का उठायचं नाव नाही.

पण ते मंग. सुरुवातीले कापूसच कापूस. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात. वावरात दगड मांडायचे, त्यायले हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, अन् फुटलेल्या बोंडातल्या कापसाची वात ओढून या झाडावरून त्या झाडावर न्यायची. ती वात तुटू द्यायची नाही. आई ओढायची तेव्हा मी अन् ताई श्वास धरून बसायचो. घरी आलेला कापूस आधी कोपऱ्यात मावायचा. मंग खोलीत. मंग बैठकीत, पार आढ्याले टेकला. आम्ही पोरी त्याच्यावर चढून घराच्या तुळईले हात लावायचो.

अन् मंग ते एक वर्ष आलं, ज्याच्यानं सारा घोटाळा केला. त्या वर्षी ज्यायनं घाईघाईत विकलं त्यायले काहीच नाही भेटलं, अन् जे आळशीपणानं थांबले त्यायले असा भाव भेटला का एकानं भर उन्हाळ्यात स्वेटर घेतलं, दुकानात तेच महाग होतं म्हणून! थांबणाऱ्या गावाले असा भाव भेटणं म्हणजे पेताडाले लॉटरी लागणं. तवापासून चक्कीवर शब्द झाला: भाव आल्याशिवाय कोणी गाडी भरायची नाही. एक विकला तं व्यापारी साऱ्यायचा भाव पाडते. थांबायचं तं सारे थांबू. खेडा खरेदीवाला वजनकाटा घेऊन टेम्पोनं यायचा, गल्लीतून फिरायचा, अन् गाव त्याले चहा पाजून रिकामा वाटे लावायचं.

भाव काही तसा परत आला नाही. पण शब्द राह्यला.

आता ताई. ताई माह्याहून मोठी, बोलण्यात तिखट, अन् तिले पाह्याले आलेली पोरं ती पोह्याच्या प्लेटीसंगं परत पाठवायची. एक म्हणे, "मोबाइल कमी वापरावा लागेल." ताई म्हणे, "चार्जरच नका देऊ मंग." एक पोरगा तं बोललाच नाही, त्याचा मामाच बोलला, ताई म्हणे मामाचं लग्न झालेलं आहे काय? आईचं डोकं उठायचं.

पण मेहकरले आमच्या आतेबहिणीच्या लग्नात एक गोष्ट झाली. ऐन मंगलाष्टकात माइक बंद पडला. वडनेर भोलजीकडचा एक पोरगा उठला, नांदुऱ्यात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, अन् त्यानं तारा जोडून माइक चालू केला. त्यात काही नाही. मंग शेवटच्या पंगतीत ताई वाढत होती. सकाळपासून वाढून वाढून तिचा हात भाजीनं पिवळा. त्या पोरानं पानावर बसून वर पाह्यलं अन् म्हटलं, "तुम्ही जेवले काय?"

बस. एवढंच. ताईले जन्मात वाढताना कोणी ते विचारलं नव्हतं. मले तिनं बसमध्ये परत येताना ते एवढ्या वेळा सांगितलं का मलेच त्या पोरासंगं लग्न झाल्यासारखं वाटाले लागलं.

अन् झालं काय, तं आत्यानं मधात पडून त्याच पोराचं स्थळ आणलं! पाहुणे येणार, ठरलं. आमच्या घरात ताई पहिल्यांदा गप्प झाली. आरशासमोर उभी राह्यली. अन् मंग तिनं बैठकीकडं पाह्यलं अन् तिचा चेहराच उतरला.

कारण बैठकीत कापूस. वेचून लय महिने झालेला. अन् घरात कापूस लय दिवस राह्यला का त्यात काहीतरी बारीक किडे होतात म्हणे, डोळ्याले दिसत नाही, पण खाज! अशी खाज का माणूस खांबाले पाठ घासते. त्या वर्षी सारं गाव खाजवून राह्यलं होतं. शाळेत गुरुजी एका हातानं खडू धरायचे अन् दुसऱ्यानं कंबर. लिंबाचा पाला उकळून आंघोळी करून करून गावातली लिंबं बोडकी झाली होती.

"बाबा, विकून टाका ना," ताई म्हणे. "पाहुणे बसतीन कुठं?"

"शब्द हाये गावाचा."

"अन् खाज?"

"खाजेचा शब्द नाही दिला मी," बाबा म्हणे. बाबा असे बोलले का समजायचं, विषय संपला.

मंग चाची मदतीले आली. चाचीनं ढिगाले चहूबाजूनं डोळ्यांनी मापलं अन् म्हणे, "कायले टेन्शन घेते बेटी? कापूस म्हणजे गादीच ना. लेवल करते, वर ताडपत्री, ताडपत्रीवर गाद्या, गाद्यांवर चादर, बाजूले लोड. कव्वालीची बैठक वाटली पाहिजे." अन् खरंच, आम्ही साऱ्यायनं ढीग दाबून दाबून बैठक केली अशी का राजाच बसवा. फक्त ताडपत्री कचकच वाजायची. आईनं बसून पाह्यलं, उठून पाह्यलं, तोंड वाकडं केलं. म्हणे, "बाजारात बसल्यासारखं वाटते." अन् चाची घरी गेल्यावर आईनं ती ताडपत्री काढून टाकली.

पाहुणे आले. पोरगा, त्याचे आईवडील. राम राम झाला, पाय धुणं झालं. पोराचे वडील अंगानं भरलेले. बाबा म्हणे, "बसा ना, बसा वर." ते बसले. अन् खाली गेले. जात राह्यले. कापसानं त्यायले कंबरेलोक पोटात घेतलं, गुडघे वर, टोपी तिरपी. बाबा म्हणे, "आरामात बसा." ते म्हणे, "बसलो. आता उठताच येत नाही."

सारे हसले. बरं वाटलं. मंग गप्पा: पाऊस, पऱ्हाटी, गुलाबी अळी, नांदुऱ्याचं दुकान. पण मी दाराआडून पाहत होती ना. पोराच्या वडलानं मान हलवली. मंग खांदा. मंग लोडाले पाठ लावून असे हळूच वरखाली होऊन राह्यले, जशी म्हैस झाडाले होते. पोरगा तर ताठ बसलेला, हात मांडीवर, कपाळावर घाम, अन् पायाचा अंगठा नुसता नाचून राह्यला. पोराच्या आईनं पदराखालून कोपर धरलं होतं. खाजवत नव्हती, दाबून धरलं होतं. अन् आमच्या घरचे? आमच्या घरच्यायले तं खाज होतीच, पण पाहुण्यासमोर कसं खाजवावं? बाबा, आई, आत्या, सारे पुतळ्यासारखे. एवढं सभ्य घर मी कधी पाह्यलं नाही.

ताई पोहे घेऊन आली. एक प्लेट दिली, दुसरी दिली. पोराले प्लेट देताना थांबली. त्यानं हात पुढं केला अन् मनगटावर लाल लाल पुरळ. ताईनं ते पाह्यलं. आई डोळ्यांनी म्हणून राह्यली, जा आत, जा आत.

ताई आत नाही गेली. तिथंच उभी राह्यली, अन् म्हणे, "खाजवा."

बाबा म्हणे, "काय?"

"खाजवा म्हणलं साऱ्यायनं. खाली कापूस आहे. लय दिवसाचा. लाजायचं काही काम नाही."

पोह्याचा चमचा पडला तं केवढा आवाज झाला! आईनं कपाळाले हात लावला. मले वाटलं गेलं स्थळ. ताईले बी वाटलं असन.

अन् पोराची आई एकदम, "अवं माय वं!" करून दोन्ही हातानं कोपर खाजवाले लागली. "मी मघापासून मरून राह्यली ना! मले वाटलं आमच्याच घरची खाज अंगावर घेऊन आलो आपुन, अन् पाहुण्यायच्या घरी पसरून राह्यलो! आमच्या बी बैठकीत कापूस हाये बाई, आढ्यालोक!"

"तुमच्या बी?" आई म्हणे.

"नाहीतर काय! म्हणून तं पोराच्या बापाले म्हटलं, पोरीले आपल्या घरी नोका बलावू, आपुनच जाऊ!"

मंग जे काही झालं! बाबा पाठ खाजवून राह्यले, पोराचे वडील पोट, आत्या डोकं, अन् हसून हसून साऱ्यायच्या डोळ्यात पाणी. पोराच्या वडलायले वर काढाले बाबा अन् पोरगा दोघं लागले. अन् त्या गडबडीत तो पोरगा ताईकडं पाहून म्हणे, "तुम्ही बी खाजवा ना." ताई म्हणे, "मी आंघोळ करून आली आहे." पण हसली. मी पाह्यलं.

सुपारी फुटली. आता यात अडचण काय, असं वाटते ना? अडचण ही का दोन्ही बाप, म्हणजे आता व्याही, एकाच मातीचे. बाबा म्हणे, "लग्न भाव आल्यावर करू इवाई." ते म्हणे, "माह्या बी मनात तेच हाये इवाई." अन् एकमेकाच्या हातावर हात मारून असे खुश झाले का जसा भाव दारात येऊन उभाच आहे.

भाव आला नाही. उलट खाली गेला. बाबा रोज मोबाइलवर भाव पाहायचे अन् मोबाइल उशीखाली ठेवायचे, जसं अंडं उबवतात. महिने गेले. आत्यानं सांगितलं का पोराच्या घरी आता दुसरी स्थळं बी येऊन राह्यली, चांगली चांगली, बिनाकापसाची. पोराचा काका म्हणून राह्यला, कवालोक थांबता? ताईनं हे ऐकलं अन् जेवण सोडलं नाही, रडली नाही, काहीच नाही. फक्त भांडे घासताना त्यायचा आवाज यायचा. बाबायले तिनं एकदा विचारलं. बाबा म्हणे, "बाई, घरात पाय ठेवाले जागा नाही. मांडव कुठं टाकू? पाहुणे कुठं उतरवू?" पैशाचं बाबा बोलत नव्हते. बाबायले ते बोलता येत नाही. जागेचं बोलायचे.

तं एक दिवस मी अन् ताई दळण घेऊन चक्कीवर. चक्की सुरू, पीठ उडून राह्यलं, रांगेत चाची, आजी, बांधाच्या भांडणातले ते बांधवाले काका, सारे. मी ताईच्या कानात ओरडली, "बाबा काय म्हणे?"

"थांब म्हणे!"

"मंग थांबशीन?"

"काय?"

"थांबशीन काय म्हटलं!"

ताईनं श्वास घेतला अन् सारा जीव लावून ओरडली, "मी नाही थांबत! मले तोच पोरगा..." अन् लाईन गेली. चक्की गप्प. अन् त्या साऱ्या शांततेत ताईचं उरलेलं वाक्य एकटंच बाहेर पडलं, "...पाहिजे!"

कुठंतरी पिठाचा डबा टेकल्याचा आवाज. बस.

ताईचं तोंड पिठानं पांढरं होतं, तरी लाल झालेलं दिसत होतं. ती डबा सोडून पळाली असती, पण आजीनं तिचा हात धरला. सुपारी गालात सरकवून म्हणे, "पाहिजे तं पाहिजे. त्यात लपायचं काय?" मंग रांगेकडं वळून, "हिचा बाप काय म्हनते?"

मी म्हटलं, "जागा नाही म्हणते. घरात कापूस आहे."

"एवढंच?" चाची म्हणे. "तं कापूस माह्या घरी आणून टाका ना एक गठोडं."

"तुह्या घरी तुहाच मावत नाही," कोणीतरी म्हटलं.

"मंग छतावर झोपू आम्ही!"

चक्कीवाला म्हणे, "पण शब्द? कापूस हालवायचा नाही..."

"इकायचा नाही हा शब्द हाये," आजी म्हणे. "हालवायचा नाही असा कुठं हाये? एक गठोडं मी बी नेते. अन् जेवनाचं म्हनशीन तं माह्या पोराच्या लग्नात वरन, भात, बुंदी होती. कोनी उपाशी गेलं काय?"

बांधवाले काका सगळ्यात मागं उभे होते, आमच्याकडं पाठ करून. बाबायसंगं त्यायचं बोलणं बंद. ते भिंतीकडं पाहूनच म्हणे, "माही कोठी अर्धी रिकामी हाये. मी आपलं भिंतीले सांगून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात बायकायची रांग. कोणाचं लुगडं, कोणाची ओढणी, कोणाची जुनी चादर, त्यात कापूस बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, अन् चालायचं. बाबा खाटेवर बसून पाहत होते. त्यायची अडचण जागेची होती ना, ती तं लोकायनं उचलून नेली! दुपारपर्यंत गल्लीत, नाल्याच्या काटेरी झुडपायवर, विजेच्या तारेवर, सगळीकडं कापसाचे पुंजके लटकलेले. आमची बैठक रिकामी झाली. मी हाक मारली तं आवाज घुमला. आईनं जमीन सारवली अन् मंग तिथंच जरा वेळ बसली.

लग्न झालं. वरण, भात, बुंदी, अन् वांग्याची भाजी. चाचीनं नवरदेवाले बसाले नवी गादी भरून दिली, "जुनी रुई हाये बेटा, खाज नाही यायची," अशी खात्री देऊन. मांडवात शेवटच्या पंगतीत मी वाढत होती. नवरदेव पानावर. ताई त्याच्या बाजूले. त्यानं वर पाह्यलं, पण काही म्हणायच्या आधीच ताई म्हणे, "ती जेवली. तुम्ही जेवा."

मंग ताई पहिल्यांदा माहेरी आली. बाबायनं पहिलं काय पाह्यलं असन? तिचे हात. मनगट, कोपर. काहीच नाही, साफ.

"खाज?" बाबा म्हणे.

"संपली."

"काऊन? कापूस?"

"भरून दिला. सासूबाईले म्हटलं, मी आली तं कापूस जाईल, नाहीतर मी जाईन. त्या म्हणे माय, कापूसच जाऊ दे."

"भाव?"

ताईनं भाव सांगितला. बाबायनं डोळे मिटले. लय कमी होता. मंग डोळे उघडून तिच्या हाताकडंच पाहत राह्यले. "अन् तिथल्या गावानं काही म्हटलं नाही?"

"म्हटलं ना. मंग त्यायनं बी भरला."

संध्याकाळी बाबा दळण घेऊन निघाले. घरात पीठ होतं, तरी निघाले. मी मागं मागं. चक्की जोरात. बाबा रांगेच्या मधात उभे राह्यले अन् म्हणे, "मी उद्या गाडी भरून राह्यलो."

"काय?"

"गाडी! उद्या! भरतो!"

"काय भरता?"

पूर्ण गावाचं भाग्य पाहा, रोज जाणारी लाईन त्या दिवशी गेली नाही. बाबायले ते एवढं अवघड वाक्य परत परत ओरडावं लागलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं, तोवर का शेवटी आजीनं चक्कीवाल्याले हात करून चक्कीच बंद करायले लावली. म्हणे, "ऐकलं रे बाबा. भर. आमची बी पाठ सोलून निघाली."

सकाळी टेम्पो आमच्या दारात उभा राह्यला, पण आमच्या घरात तं कापूसच नव्हता. आमचा कापूस निघाला साऱ्या गावातून. चाचीच्या ओढणीत, आजीच्या निळ्या लुगड्यात, चक्कीवाल्याच्या पिठाच्या पोत्यात. घराघरातून माणसं खाजवत खाजवत गठोडी घेऊन येऊन राह्यली. बांधवाले काका सगळ्यात शेवटी आले. गठोडं बाबायच्या पायाशी टाकलं. लय दिवसांनी दोघं समोरासमोर.

"नासला नाही तुहा कापूस," काका म्हणे. "पण माही बायको रोज शिव्या देते तुले."

"देऊ दे," बाबा म्हणे.

काका टेम्पोकडं पाहत राह्यले. कपाळ खाजवलं. मंग ड्रायव्हरले म्हणे, "याचा भरला का पुढच्या दारात घे बे. माह्या दारात."